मागता न येणारं प्रेम

प्रस्तावना

ख्रिस्ती लग्नात पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला नाही, असं सहसा होत नाही. पाळक वाचू लागले की बाकांवर बसलेल्या अनेकांचे ओठ सोबत हलतात. मजकूर इतका सुंदर आहे, की तो मुळात नवरा-नवरीसाठीच लिहिला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो एका भांडणाऱ्या मंडळीला लिहिला आहे. इ.स. ५४च्या सुमाराला पौल इफिस शहरात होता आणि समुद्रापलीकडून, करिंथहून, एकामागून एक क्लेशदायक बातम्या त्याच्या कानावर येत होत्या.

करिंथ हे व्यापाराचं, बंदरांचं, पैशाचं शहर. पौलाने तिथे दीड वर्ष काढलं होतं. अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवरा-बायकोच्या घरी राहून, त्यांच्याबरोबर तंबू शिवून तो पोट भरत असे आणि शुभवर्तमान सांगत असे. तो निघून गेल्यावर मंडळीत तट पडले. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. एकाच मंडळीतले भाऊ एकमेकांवर सरकारदरबारी खटले भरू लागले. प्रभुभोजनासाठी सगळे जमत, पण ज्यांच्या घरी भरपूर होतं ते आपापलं काढून आधीच जेवून घेत. एक तर्र होई आणि दुसरा उपाशी उठे. ज्यांना आत्मिक दानं मिळाली होती, ते ती नसलेल्यांकडे खालच्या नजरेने पाहत.

हे समोर ठेवून तेरावा अध्याय पुन्हा वाचावा. त्यातल्या निम्म्याहून अधिक गोष्टी प्रेम काय करत नाही याच्या आहेत: हेवा करत नाही, फुशारकी मारत नाही, स्वतःचंच पाहत नाही, चिडत नाही, अपकार मोजून ठेवत नाही. करिंथची मंडळी नेमकं हेच सगळं करत होती. पौल त्यांच्या एकेका दुखण्यावर बोट ठेवत चालला आहे. आणि तो बोलतो आहे तो बहुतेक वेळा ज्यांच्यापाशी काही आहे त्यांच्याशी. ज्याच्या पानात अन्न आहे त्याने थांबायचं. ज्याला ज्ञान आहे त्याने, आठव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे, दुबळ्या भावाच्या मनाला ठेच लागत असेल तर स्वतःला चालणारं मांसही सोडायचं. उपाशी राहिलेल्या माणसाला पौल एका शब्दानेही सांगत नाही की तू निःस्वार्थ हो, उपास सोस.

या पुस्तकातल्या सगळ्या लेखांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे, म्हणून ती इथेच स्पष्ट लिहिते. निःस्वार्थ प्रेम फक्त देता येतं. दुसऱ्याकडून ते मागता येत नाही. “तू माझ्यासाठी स्वार्थ सोड” असं ज्या क्षणी एक माणूस दुसऱ्याला म्हणतो, त्या क्षणी म्हणणाऱ्याचाच स्वार्थ पुढे आलेला असतो. आणि नात्यात ज्याच्या हाती अधिक आहे, मग तो अधिकार असो, पैसा, आरोग्य किंवा समाजाचा पाठिंबा असो, त्याने आधी खाली उतरायचं असतं. ख्रिस्ती माणसाने हे स्वतःच्या चांगुलपणातून शोधून काढलेलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या त्या शेवटच्या रात्री गुरूच जेवणावरून उठतो, कमरेला पंचा बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. ते काम त्या काळी घरातल्या गुलामाचं. पेत्राला ते सहन होत नाही, तो नको म्हणतो. त्याला धरून देणारा यहूदा इस्कर्योतही तिथेच बसलेला असतो. तो उठून बाहेर जातो ते नंतर. त्याचेही पाय धुतले गेले, हे वाचताना मी अजूनही थांबते.

इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाविषयी या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण आपल्या घरांमध्ये त्या अध्यायाइतका अर्धवट वाचला गेलेला दुसरा भाग नसेल. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं, हे वाक्य पुष्कळांना पाठ असतं. त्याच्या आधीचं, सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावं हे वाक्य मात्र आठवत नाही. त्या काळच्या ग्रीक आणि रोमी जगात घर कसं चालवावं याचे नियम लिहिण्याची रीतच होती. ते नियम घरधन्याला उद्देशून असत आणि बायको, मुलं, गुलाम यांच्यावर हुकमत कशी ठेवावी हे सांगत. पत्रातही घराच्या नियमांची तीच चौकट आहे. मात्र नवऱ्यांसाठीचा मजकूर बायकांसाठीच्या मजकुरापेक्षा चांगलाच लांब आहे आणि त्यात हुकमतीचा उल्लेख नाही. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं तुम्ही स्वतःला द्या, एवढीच त्यांना आज्ञा आहे. करिंथच्या पत्रातल्या सातव्या अध्यायात तर पौल म्हणतो की बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा हक्क आहे आणि लगेच, त्याच दमात, नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा. पहिला भाग त्या काळच्या कोणत्याही पुरुषाने मान डोलावून ऐकला असता. दुसरा ऐकून तो चपापला असेल.

आता एका मराठी संसाराविषयी. मला या विषयावर जे कळलं, त्यातलं बरंचसं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचून कळलं, आणि आपल्या घरातलं हे उदाहरण सोडून दूरची उदाहरणं देत बसण्यात मला अर्थ दिसत नाही.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचं लग्न १८८० साली झालं. ते अठरा-एकोणीस वर्षांचे, ती अकरा-बारा वर्षांची. नवरा कवी, विद्वान, मनस्वी आणि संसाराच्या दृष्टीने अगदीच बेभरवशाचा. कधी न सांगता निघून जाई, हाती आलेला पैसा घरापर्यंत पोचेलच याची खात्री नसे. १८९५ साली १० फेब्रुवारीला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात न घेता. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, पदरी लहान मुलगा असलेल्या त्या बाईवर काय कोसळलं असेल, ते तिने स्वतःच लिहून ठेवलं आहे. टिळकांचा मी मनापासून आदर करते. पण आपल्या श्रद्धेची जबर किंमत त्यांनी आधी बायकोला भरायला लावली, हे त्यांच्या चरित्राकडे पाहताना झाकून चालणार नाही. त्यांच्या संसाराचं उदाहरण मी देते ते या घटनेसाठी नव्हे. त्यानंतरच्या वर्षांसाठी देते.

काही वर्षं दोघं वेगळी राहिली. लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने पंढरपूर, नाशिक भागात. टिळक नगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात. त्या काळी कायदा कोणाच्या बाजूने होता, हे लक्षात घ्यायला हवं. बाप्तिस्म्याच्या आठच वर्षं आधी, १८८७ साली, रखमाबाईंच्या गाजलेल्या खटल्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांना नवऱ्याच्या घरी नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं फर्मावलं होतं. शिवाय ख्रिस्ती झालेल्यांसाठी १८६६चा खास कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने नांदायला तयार नसेल तर न्यायालयात जाता येई, न्यायाधीश एक वर्षाची मुदत देत आणि त्यानंतरही नकार कायम राहिला तर लग्न मोडून दुसरं करायला मोकळीक मिळे. म्हणजे टिळकांपुढे दोन्ही वाटा खुल्या होत्या: बायकोला हक्काने ओढून आणायची, किंवा तिला सोडून नवा संसार मांडायचा. ते दोन्हींपैकी एकाही वाटेने गेले नाहीत. पत्रं लिहीत राहिले, वाट पाहत राहिले.

शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे आल्या, तेव्हा आपला धर्म आणि आपलं सोवळं घेऊन आल्या. त्यांची चूल वेगळी होती. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरी ब्राह्मणी सोवळं पाळणारी बायको, हे त्या काळच्या मिशनच्या वातावरणात किती अवघड झालं असेल! बाहेरच्या लोकांनी काय म्हटलं असेल याची कल्पना करता येते. टिळकांनी ते निभावलं. सोवळं सुटलं ते लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने, त्यांच्या स्वतःच्या गतीने. माणसामाणसांत देवाने भेद केलेला नाही हे त्यांना त्यांचंच उमगलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझ्या दृष्टीने या सगळ्या कहाणीतला सर्वांत ख्रिस्ती भाग बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे, तो दोन चुली असलेल्या घरातला काळ. ज्याला सत्य सापडलं आहे अशी खात्री असलेला माणूस आपल्या सर्वांत जवळच्या माणसाला ते सत्य नाकारण्याची मोकळीक देतो, याहून अवघड प्रेम मला माहीत नाही.

लक्ष्मीबाईंच्या बाजूनेही पाहायला हवं, कारण त्यांनी दिलं ते टिळकांपेक्षा कमी नव्हतं. नवऱ्याने जगाला वाटून उरलेल्या पैशांत त्यांनी घर चालवलं, पोरकी मुलं पोटच्यासारखी वाढवली. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला, तेव्हा पगार बंद झालेल्या घराची काळजी कोणाच्या वाट्याला आली हे सांगायला नको. तरी त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या भांडत, बोलून दाखवत, कोंडी करत, हसून सोडून देत. ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं, टिळकांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. त्यात नवऱ्याचा एकही दोष त्यांनी लपवलेला नाही आणि एकही दोष कडवटपणे मांडलेला नाही. अपकार मोजून ठेवायचे नाहीत म्हणजे ते विसरायचे असं काही जण समजतात. लक्ष्मीबाईंना सगळं आठवत होतं, तारीखवार नसेल पण तपशीलवार. त्यांनी ते वसुलीसाठी ठेवलं नाही, एवढंच. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेण्याचं कामही याच बाईने अंगावर घेतलं, जिला लग्न झालं तेव्हा धड लिहितावाचता येत नव्हतं.

नवरा-बायकोपलीकडची नातीही या पुस्तकात आहेत. रूथ आणि नामी यांची गोष्ट लग्नात सांगितली जाते, पण रूथने सोबत न सोडण्याचं ते प्रसिद्ध वचन दिलं ते सासूला, म्हणजे नामीला, नवऱ्याच्या मृत्यूनंतर. सांगणारे सहसा रूथपासून सुरुवात करतात. मला वाटतं सुरुवात नामीपासून करावी. दोन्ही मुलगे गेलेले, परक्या देशात हाताशी काही नाही, आधाराला फक्त दोन सुना. आणि ती त्यांना म्हणते, माहेरी जा, पुन्हा संसार थाटा. अर्पा रडून परत जाते. तिच्याबद्दल बायबलमध्ये एकही वाकडा शब्द नाही. रूथ राहते, आणि तिच्या राहण्याला किंमत आहे ती जायची मोकळीक खरोखर होती म्हणूनच. आपल्याकडच्या सासवा-सुनांना हा अध्याय एकत्र बसून वाचावासा वाटला तर मला फार आनंद होईल.

दीर्घ आजारपणावरचं प्रकरण लिहिताना मला रॉबर्टसन मॅक्विलकिन यांचं उदाहरण टाळता आलं नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया बायबल कॉलेजचे ते अध्यक्ष होते, बावीस वर्षं. त्यांची पत्नी म्यूरियल हिला अल्झायमर झाला. तिची भाषा गेली, पण एक गोष्ट उरली: नवरा जवळ असला की ती शांत असे आणि तो दिसेनासा झाला की घाबरी होई. घर ते कार्यालय अशा फेऱ्या ती दिवसातून अनेकदा पायी घाली, त्याला शोधत. एका रात्री तिचे पाय सोलवटून रक्ताळलेले त्यांना दिसले. १९९० साली त्यांनी पद सोडलं आणि २००३ साली तिचा मृत्यू होईपर्यंत तिला सांभाळलं. चाळीस वर्षं तिने माझं केलं, आता मी तिचं केलं तरी फेड व्हायची नाही, अशी त्यांची भावना होती. त्याग हा शब्द त्यांना या संदर्भात पटत नसे.

हे उदाहरण देऊन मी पुढे जाऊ शकत नाही. मॅक्विलकिन यांच्या निर्णयाची बातमी झाली, त्यावर लेख आले, पुस्तक झालं. ते योग्यच होतं. पण आपल्या वाड्यावस्त्यांवर आणि फ्लॅटमध्ये हेच काम सुना, मुली, बायका करतात. त्यांच्या राजीनाम्याची सभा होत नाही, पुष्कळदा त्यांना विचारलेलंही नसतं. सासऱ्यांचं आजारपण आलं की नोकरी कोणी सोडायची हे घरात आधीच ठरलेलं असतं. तिने ते प्रेमाने केलं तर देव ते पाहतो, यात मला शंका नाही. पण घरातल्या इतरांनी तिच्या प्रेमाचं कौतुक करून स्वतःची सुटका करून घेणं याला मी प्रेम म्हणणार नाही. ख्रिस्ती घरात पहिला प्रश्न “कोण करेल?” असा न येता “मी काय सोडू शकतो?” असा यावा, आणि तो ज्याचा पगार मोठा, ज्याचा शब्द चालतो त्याच्या तोंडून यावा.

यातूनच शेवटच्या प्रकरणाकडे येते. ते लिहायला मला सर्वांत वेळ लागला. निःस्वार्थ प्रेमाची भाषा आपल्या मंडळ्यांमध्ये मार खाणाऱ्या बायकांना गप्प बसवण्यासाठी वापरली गेली आहे. प्रेम सगळं सहन करतं, असं सांगून त्यांना परत त्याच घरी पाठवलं गेलं आहे. कायदाही फार काळ त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. १८६९च्या घटस्फोटाच्या कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर तिला घटस्फोट मिळत नसे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. म्हणजे आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेक ख्रिस्ती स्त्रियांनी ऐन संसाराची वर्षं जुन्या कायद्याखाली काढली आहेत. त्या जिथे अडकल्या होत्या, तिथे त्यांना वर तेरावा अध्याय ऐकवणं हा त्या अध्यायाचा अपमान होता. पौलाने तो लिहिला तेव्हा उपाशी माणसाला सबुरीचा उपदेश केला नव्हता. जेवून घेणाऱ्यांना दरडावलं होतं. आणि तोच अध्याय सांगतो की प्रेमाला अन्यायात आनंद नसतो, सत्यात असतो. मार लपवणाऱ्या घरात सत्य नसतं.

क्षमा आणि परत नांदायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रकरणात मी सविस्तर मांडलं आहे. क्षमा एकटीने करता येते, देवासमोर, हव्या तितक्या वेळाने. एकत्र राहायला दोघं लागतात, आणि मारणाऱ्याने बदलल्याचा पुरावा आधी द्यायचा असतो. तिने विश्वासाचा पुरावा द्यायचा नसतो.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. नवं लग्न झालेल्यांनी करिंथ आणि इफिसची प्रकरणं आधी घ्यावीत, शक्यतो मोठ्याने, एकाने वाचावं आणि दुसऱ्याने ऐकावं, दुसऱ्या दिवशी उलट. वाचताना जोडीदाराला लागू पडणारी वाक्यं पुष्कळ सापडतील. ती त्याला दाखवायची नाहीत, एवढा एकच नियम मी घालते. स्वतःला लागू पडणारी वाक्यं मात्र त्याच्याजवळ बोलून दाखवावीत. म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणाऱ्यांनी आजारपणाच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. अविवाहितांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. पौल स्वतः एकटाच होता, आणि प्रेमावरचा त्याचा अध्याय मुळात लग्नासाठी नव्हता हे आपण पाहिलंच.

लग्नाआधीच्या शिबिरांत हे पुस्तक वापरू इच्छिणाऱ्या पाळकांना, फादरांना आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या जोडप्यांना माझी एक विनंती आहे. पहिल्या सत्रात मुलगा आणि मुलगी यांच्याशी वेगवेगळं बोला, घरच्यांना बाहेर बसवून, आणि हे लग्न तुला स्वतःला हवं आहे का, इतकं साधं विचारा. लग्न झालेली जोडपी तक्रार घेऊन आली तरीही आधी एकेकट्याशी बोला. कोणी मारहाणीचं सांगितलं, तर पुस्तक बाजूला ठेवा. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आपल्या भागातल्या अधिकाऱ्याचा नंबर उपासनेच्या वेळापत्रकाशेजारी, सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवा आणि त्या बाईसोबत तिथवर स्वतः जा.